मधली गाणी

आवडतं गाणं कोणतं, असं कुणी विचारलं की मी गडबडते. आज एक असतं, पुढच्या महिन्यात दुसरं. आवडते अल्बम विचारले तर मात्र चार नावं गेल्या कित्येक वर्षांत बदललेली नाहीत. गाणं आपण निवडतो. अल्बममध्ये आपण न निवडलेलीही गाणी असतात, आणि माझी आवड घडवली ती बरीचशी त्यांनीच.

ज्यांनी कॅसेट हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 60 मिनिटांच्या कॅसेटला तीस-तीस मिनिटांच्या दोन बाजू. पुढचं गाणं हवं असेल तर फास्ट फॉरवर्डचं बटण दाबायचं आणि अंदाजाने थांबायचं. हटकून पुढे निघून जायचं, मग मागे आणायचं. टेप गुंतली की चक्रात पेन्सिल घालून गुंडाळत बसायचं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा नावडतं गाणं ऐकून घेणं सोपं होतं. आणि नाइलाजाने दहा-पंधरा वेळा ऐकलेलं एखादं गाणं एका संध्याकाळी अचानक आवडायला लागायचं. का, ते सांगता यायचं नाही.

कॉल ऑफ द व्हॅली

साताऱ्यातल्या आमच्या घरात ही कॅसेट मुंबईच्या मामाने आणली. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. संतूर, बासरी, गिटार आणि तबला. शब्द नाहीतच. पहिल्यांदा ऐकताना मी आईला विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?" आई म्हणाली, "सुरूच आहे की."

1967 सालचा हा अल्बम. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि गिटार वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा, तिघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे. तबल्यावर माणिकराव पोपटकर. एचएमव्हीसाठी हे ध्वनिमुद्रण करवून घेतलं ते जी. एन. जोशींनी, म्हणजे ना. घ. देशपांड्यांची कविता गाऊन मराठी भावगीताची वाट मोकळी करणाऱ्या त्याच गायकाने. कल्पना साधी आहे: काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस. सकाळ अहिरभैरवने होते, मग नटभैरव, पिलू, संध्याकाळी भूप, रात्रीकडे देस आणि शेवटी पहाडी.

रागांची नावं मला खूप नंतर कळली. लहानपणी एवढंच कळलं, की यात काहीतरी सकाळचं आहे आणि काहीतरी दिवस मावळल्यानंतरचं आहे, आणि त्यांची अदलाबदल केली तर चालणार नाही. आई संध्याकाळी भाकऱ्या थापताना ही कॅसेट लावायची, त्यामुळे तिची 'सकाळ' आमच्याकडे रोज सातच्या बातम्यांच्या सुमाराला व्हायची. तरीही ती सकाळच वाटायची. सूर आपली वेळ सोबत घेऊन येतो, हे कुणी न शिकवता समजलं.

गारवा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझ्या वयाच्या मुलामुलींमध्ये 'गारवा' न ऐकलेलं कुणी सापडणं कठीण होतं. मिलिंद इंगळेंचा आवाज आणि संगीत, सौमित्रची कविता. गाण्याच्या आधी सौमित्र कविता म्हणायचे, मग गाणं. आम्हाला अर्थातच गाणं हवं असायचं. पण कवितेवरून पुढे जाताना गाण्याचे पहिले सूर हातचे निसटायचे, म्हणून कविता ऐकावी लागायची.

त्या 'ऐकावी लागण्या'ने माझं भलं केलं. तोवर कविता म्हणजे 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या, गुण तीन.' इथे एक माणूस शेजारी बसून बोलावं तसं कवितेत बोलत होता, आणि पुढे प्रश्न नव्हता. दहावीच्या सुट्टीत मी नगर वाचनालयात जाऊन पहिल्यांदा स्वतःहून कवितासंग्रह मागितला. कुणाचा हवा, हे सांगता येईना. ग्रंथपालांनी माझ्याकडे बघून चष्मा वर केला आणि शेल्फच दाखवलं.

आज 'गारवा' ऐकताना काही जागा फार गोड वाटतात, मान्य. पण जिन्याची पहिली पायरी गुळगुळीत आहे म्हणून कुणी ती काढून टाकत नाही.

कंदिसा

पुण्यातल्या हॉस्टेलवर एमपीथ्री सीडींचं राज्य होतं. एका सीडीत दीडशे गाणी, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलेली. अल्बमचा क्रम त्यात केव्हाच मोडलेला. माझ्या रूममेटकडे मात्र इंडियन ओशनच्या 'कंदिसा'ची मूळ कॅसेट होती, 2000 साली आलेली, आणि तिचा नियम होता: कॅसेट लावली की बाजू संपेपर्यंत हात लावायचा नाही.

'कंदिसा' हे शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या एका जुन्या प्रार्थनेवरून घेतलंय. आम्हा दोघींना त्यातला एकही शब्द कळत नव्हता. परीक्षेच्या आदल्या रात्री दिवे घालवून आम्ही ते ऐकायचो. शब्दांविना ऐकायला 'व्हॅली'ने शिकवलं होतंच. शब्द असूनही अर्थाची वाट न बघता ऐकायला इथे शिकले.

त्याच कॅसेटवर 'माँ रेवा' आहे, नर्मदेचं पारंपरिक गाणं. बँडचे राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होते, तिथून ते गाणं त्यांच्यासोबत आलं. ऐकताना पाय ताल धरतात. त्यात ना घोषणा, ना तक्रार. शेजारच्या खोलीत शहाद्याची एक मुलगी राहायची. ती एकदा दारात उभी राहून पूर्ण गाणं ऐकून गेली आणि जाताना म्हणाली, "आमच्याकडे नर्मदा म्हणजे आधी परिक्रमा होती, आता पुनर्वसन आहे."

सरदार सरोवराच्या पाण्यामुळे महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. हा आकडा मी सामान्यज्ञानासाठी पाठ केला होता. त्या दिवशी तो आकडा दारात उभा राहिला. आनंदाचं गाणं कुणाकुणाला किती जड होऊ शकतं, हे मला तेव्हा दिसलं.

कुमार

चौथा अल्बम मी स्वतःसाठी घेतलाच नव्हता.

2009 मध्ये अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना टीबी झाला. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलेला, उभ्या प्रवासात पन्नास माणसांशी बोलणारा माणूस. निदान झालं त्या दिवसापासून गप्प. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं: सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही, औषध सुरू झालं की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो, ताटवाटीतून हा आजार पसरत नाही. तरी अण्णांनी आपली ताटली आणि तांब्या स्वतःच वेगळा केला. घरात कुणी तो शब्द उच्चारायचा नाही. शेजारी विचारलं तर 'छातीत कफ झालाय'.

मी सुट्टी काढून घरी गेले होते. अण्णा सकाळी भीमसेन जोशींचे अभंग ऐकायचे, ते त्यांनी बंद केले होते. "तो दम ऐकवत नाही," म्हणाले. मी बॅगेतली कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांची सीडी लावली. कुणा मित्राने दिली होती, मी धड ऐकलीही नव्हती. पहिलं भजन संपलं. दुसरं. तिसऱ्याला अण्णा म्हणाले, "हा माणूस मधेच थांबतो का गं?"

मग मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. ऐन पंचविशीच्या आतबाहेर, सगळा देश ज्याचं नाव घेत होता अशा वेळी या गायकाला टीबी झाला. हवा मानवेल म्हणून 1948 मध्ये ते मध्य प्रदेशात देवासला गेले. गाणं बंद. अंथरुणावर पडून राहायचं. पत्नी भानुमतीबाईंनी शिक्षिकेची नोकरी करत त्यांची शुश्रूषा केली. पडल्या पडल्या कानावर यायची ती माळव्यातली लोकगीतं आणि दारावरून जाणाऱ्या नाथपंथी साधूंची भजनं. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचं नवं औषध आलं, ते लागू पडलं. एक फुप्फुस जवळपास निकामी झालं होतं. पण ते पुन्हा गायला लागले, आणि त्या अंथरुणावरच्या ऐकण्यातून निघालेलं कितीतरी गायले.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत लाव."

पुढचे दोन महिने ती सीडी आमच्याकडे रोज वाजली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कारण रिमोट हरवला होता. कुमारजी छोटी तान घेतात, थांबतात, आणि त्या थांबण्यात नुसते तानपुरे ऐकू येतात. जाणकार म्हणतात, ती त्यांची शैली होती, केवळ फुप्फुसाचा प्रश्न नव्हे. खरं असेल. अण्णांना त्या वादाशी कर्तव्य नव्हतं. धाप लागून थांबणं लाजिरवाणं नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं. ते जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागले. आधी थांबायचे नाहीत, वर पोचून खोलीत दार लावून खोकायचे.

एक दिवस शेजारचे काका दारात आले आणि तब्येत विचारली. मी आतून उत्तर द्यायला निघाले होते. त्याआधीच अण्णा म्हणाले, "टीबी झालाय. तिसरा महिना चालू आहे. या, बसा." काका क्षणभर घुटमळले, मग आत येऊन बसले. आईने दोघांना सारख्याच कपांत चहा दिला.

सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला. अण्णा बरे झाले. भीमसेन पुन्हा सुरू झाले, कुमार दुपारी.

आता अण्णांच्या हातात स्मार्टफोन आहे. यूट्यूबवर एक भजन संपलं की दुसरं आपोआप लागतं. परवा त्यांनी मला विचारलं, "हे पुढचं गाणं कोण लावतं?" मी म्हटलं, "तुम्हाला काय आवडतं ते त्याला माहीत असतं, त्यावरून तोच लावतो." ते म्हणाले, "मग नवीन कसं कळणार?"

मला उत्तर सुचलं नाही. मलाही फोन माझ्या आवडीचीच गाणी देतो, आणि ती मला आवडतात. जी. एन. जोशींना मात्र साताऱ्यातली दहा वर्षांची मी माहीत नव्हते. भूपानंतर देस हवा, हे त्यांनी आणि वादकांनी संगीताकडे बघून ठरवलं. मी कुठलीही असते तरी तिथे देसच आला असता. आपल्याला न ओळखणाऱ्या कुणीतरी लावलेल्या त्या क्रमात बसून राहिल्यामुळे मला असं काही मिळालं, जे मागायचं कसं हेच मला ठाऊक नव्हतं.

'कॉल ऑफ द व्हॅली' मूळ तबकडीवर चाळीसेक मिनिटांचा आहे. लोकलमध्ये ठाण्याहून दादरला जाताना जवळपास संपतो. फोन पाकिटात ठेवायचा, एवढंच.