लीआला काय मिळालं?

लीआ क्लिअरवॉटर या मुलीवर झालेला अन्याय माझ्या मनातून जात नाही. ती कादंबरीतली आहे, स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेतली, आणि तिथेही ती कडेलाच उभी आहे. वाचणारे बेला आणि एडवर्डबद्दल भरभरून बोलतात, फार तर जेकबबद्दल. मला मात्र लीआबद्दलच बोलायचं आहे.

भाची नोकरीसाठी बंगळुरूला गेली तेव्हा तिची पुस्तकांची खोकी आमच्याकडे ठेवून गेली. सगळी इंग्रजी, किशोरवयीनांसाठी लिहिलेली, आणि बहुतेकांत भूत, पिशाच्च, चेटूक असं काही ना काही. मी नारायण धारप वाचत वाढले. रात्री धारप वाचल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं धाडस होत नसे, अशी आमची पिढी. रक्तपिशाच्चंही मला नवी नव्हती. धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरूनच आली होती. तेव्हा यंदाच्या पावसाळ्यात ती खोकी उघडली आणि एकेक पुस्तक वाचायला घेतलं.

‘ट्वायलाइट’ची गोष्ट बहुतेकांना सिनेमामुळे माहीत आहे. 2005 ते 2008 या काळात आलेली चार पुस्तकं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स नावाचं सतत पावसात भिजणारं गाव, तिथे राहायला आलेली 17 वर्षांची बेला, आणि 1918च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मरता मरता पिशाच्च झालेला, तेव्हापासून सतराच वर्षांचा राहिलेला एडवर्ड. जवळच्या ला पुश या समुद्राकाठच्या वस्तीत क्विलियूट आदिवासी राहतात आणि त्यांच्यातली काही मुलं लांडग्याचं रूप घेतात. एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत शिरतो आणि तिच्या नकळत तिला झोपलेली बघत बसतो, तिथेच पहिलं पुस्तक बाजूला ठेवावंसं वाटलं. याला प्रेम कसं म्हणायचं? पण ‘न्यू मून’मध्ये एडवर्ड सोडून जातो आणि मग पानांवर फक्त महिन्यांची नावं येतात, ऑक्टोबर ते जानेवारी, बाकी पान कोरं. त्या चार कोऱ्या महिन्यांनी मला धरून ठेवलं. दुःखातले दिवस नंतर आठवत नाहीत, ते असेच कोरे असतात.

आता लीआ. लांडगा होणाऱ्या मुलांमध्ये एक प्रकार असतो, त्याला पुस्तकात इम्प्रिंटिंग म्हटलं आहे. मुलगा एखादीकडे पाहतो आणि त्या क्षणापासून त्याचं सगळं अस्तित्व तिच्याभोवती बांधलं जातं. त्यात त्याची इच्छा विचारात घेतली जात नाही, तिचीही नाही. सॅम हा टोळीतला पहिला लांडगा. त्याचं आणि लीआचं प्रेम होतं, लग्नापर्यंत गेलेलं. लीआची दूरच्या नात्यातली बहीण एमिली तिला भेटायला आली. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या वाढलेल्या. सॅमने एमिलीला पाहिलं आणि सगळं संपलं. लीआला तो कारणसुद्धा सांगू शकला नाही, कारण लांडग्यांची गोष्ट गुप्त ठेवायची असते. एमिली आधी नाहीच म्हणत होती. मग एकदा सॅमचा राग अनावर झाला, त्याचा लांडगा झाला आणि तिचा चेहरा कायमचा विद्रूप झाला. त्यानंतर ती त्याची झाली. हेही पुस्तकात प्रेमाचाच पुरावा म्हणून येतं, आणि मी ते पान दोनदा वाचलं, आपण नीट वाचलं ना याची खात्री करायला.

लीआची परवड इथे थांबत नाही. त्या दोघांच्या लग्नात नवरीची पाठराखीण म्हणून उभं राहायचं तिच्या वाट्याला येतं. तिचे वडील हृदयविकाराने जातात. त्याच सुमारास ती स्वतःही लांडगा होते. टोळीच्या इतिहासात मुलगी लांडगा झाल्याचं कुणाला आठवत नाही, त्यामुळे सगळ्या मुलांत ती एकटी. आणि लांडग्याच्या रूपात असताना सगळ्यांना एकमेकांच्या मनातलं ऐकू येतं. म्हणजे सॅमच्या मनातलं एमिलीवरचं प्रेम लीआला रोज ऐकावं लागतं, आणि लीआच्या मनातली आग सगळ्या टोळीला. मुलांची तक्रार काय, तर लीआ फार कडवट आहे, तिच्यामुळे आमच्या डोक्याला त्रास होतो. जिच्या उरावर सगळं कोसळलं तिच्या मनात आग असू नये, अशी अपेक्षा. तिची पाळी बंद झाली आहे. आपण कुणावर इम्प्रिंट होणार नाही, आपल्यावरही कुणी होणार नाही, आपल्यात काहीतरी बिघडलंय, असं ती विशीतच टोळीतल्याच जेकबला सांगते. आणि तरी तिची सगळ्यात मोठी इच्छा काय, तर आपणही कुणावर तरी इम्प्रिंट व्हावं, म्हणजे सॅम एकदाचा मनातून जाईल.

हे वाचत होते तेव्हा रात्र बरीच झाली होती, आणि पुस्तक मिटून झोपायचा प्रश्नच नव्हता. कारण हे मी पाहिलेलं आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं आणि त्या मुलाचं लग्न पुढे तिच्याच चुलत बहिणीशी लागलं. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून हिलाच करवली केलं. नवरीच्या मागे कऱ्हा धरून ती उभी होती, मंगलाष्टकं संपेपर्यंत. ‘योग नव्हता’ असं मोठी माणसं म्हणाली आणि विषय मिटला. योग म्हटला की कुणाचाच दोष राहत नाही. मुलगा सुटला, त्याचे आईबाप सुटले, मध्यस्थ सुटले. पुढे ती कधी आवाज चढवून बोलली की म्हणायचे, अजून मनात धरून बसलीय. तिची चीड हाच तिचा दोष ठरला. मेयर यांनी हे अगदी जसंच्या तसं लिहिलं आहे. त्यांनी ते इतकं नेमकं लिहिलं आणि मग वाऱ्यावर सोडून दिलं, याचाच मला राग आहे.

शेवटच्या ‘ब्रेकिंग डॉन’मध्ये काय होतं पाहा. जेकब टोळीतून फुटतो, तेव्हा धाकटा भाऊ सेथ त्याच्याबरोबर गेला म्हणून लीआही येते. नव्या टोळीत सॅमचं मन तिला ऐकू येत नाही. कित्येक महिन्यांनी तिला मोकळा श्वास मिळतो, ती जेकबची दुय्यम प्रमुख होते, आणि दोघांत आदर तयार होऊ लागतो. मला वाटलं, आता लेखिका हिच्याकडे वळणार. तेवढ्यात जेकब कुणावर इम्प्रिंट होतो, तर बेलाच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीवर. तान्ह्या बाळावर! बेला चिडते, पण थोड्या पानांत सगळं सुरळीत होतं. सगळ्यांच्या वाटणीला कुणी ना कुणी येतं. लीआच्या वाटणीला कुणी येत नाही, आणि एकटीने उभं राहण्याचं सुखही लेखिकेने तिला लिहून दिलेलं नाही. ती नुसती मागे पडते.

भाचीला रात्रीच फोन केला. ती म्हणाली, “मावशी, तू बेलाची गोष्ट वाचायला घेतलीस आणि भलत्याच पात्राला धरून बसलीस.” मग थोडं थांबून म्हणाली, “मी नववीत वाचलं तेव्हा मला लीआ आवडायचीच नाही. सारखी ओरडते म्हणून.” मी तिला करवलीची गोष्ट सांगितली. तिला ती माहीत नव्हती. त्या बाईबद्दल ‘जरा तिरसट आहे’ एवढंच तिने घरात ऐकलं होतं.

मेयर पुढे या जगाकडे परतल्या नाहीत असं नाही. 2010मध्ये ब्री टॅनर नावाच्या एका छोट्या पिशाच्च-मुलीवर कादंबरिका लिहिली. 2015मध्ये पहिलंच पुस्तक मुलगा-मुलगी अदलाबदल करून पुन्हा लिहिलं. 2020मध्ये ‘मिडनाइट सन’ आलं, त्यात तीच पहिली गोष्ट एडवर्डच्या तोंडून. लीआला एकही पुस्तक मिळालं नाही.

दुसरी एक गोष्टही मला टोचते. क्विलियूट ही खरी माणसं आहेत. आपण लांडग्यांपासून झालो अशी त्यांची खरी पुराणकथा आहे. पिशाच्चांशी लढणारे लांडगे आणि इम्प्रिंटिंग ही मेयर यांची कल्पना. सिएटलच्या बर्क म्युझियमने क्विलियूटांच्या सहकार्याने खरं काय आणि कादंबरीतलं काय हे लोकांना समजावून सांगण्याचं काम केलं. जगभरच्या मुलींनी त्यांचं नाव कपड्यांवर मिरवलं, तेव्हा ही माणसं त्सुनामीच्या पट्ट्यातल्या सखल किनाऱ्यावर राहत होती. उंचावरची जमीन त्यांना मिळण्याचा कायदा 2012मध्ये झाला, आणि त्यांची शाळा 2022मध्ये वर हलली. कादंबरीतल्या लांडग्यांपेक्षा मला ही शाळा जास्त महत्त्वाची वाटते.

खोक्यांतली बाकीची पुस्तकं वाचताना मी नकळत एकच गोष्ट तपासत होते: इथे जादू कुणाला दोषमुक्त करते का? मॅगी स्टीव्हाटर यांच्या ‘द रेव्हन बॉइज’मध्ये (2012) ब्लू नावाच्या मुलीला लहानपणापासून भविष्य सांगितलेलं असतं की तिने खऱ्या प्रेमातल्या मुलाचं चुंबन घेतलं तर तो मरेल. म्हणजे इथेही योग आहेच. पण ब्लू त्या भविष्याशी रोज भांडते, आणि तिचं भांडण पुस्तकाला मान्य आहे. शिवाय त्यातला अ‍ॅडम. बाप मारतो, घर म्हणजे एक ट्रेलर, आणि श्रीमंतांच्या शाळेची फी भरायला हा कामांवर कामं करतो. गॅन्सी हा श्रीमंत मित्र पैसे द्यायला तयार असतो, पण अ‍ॅडम घेत नाही. इतका हट्टी स्वाभिमान वाचून जीव तुटतो. भुतं आणि गाडलेला राजा यांच्यात मला फारसा रस वाटला नाही. अ‍ॅडमसाठी मात्र चारही भाग वाचले.

एडन थॉमस यांच्या ‘सिमेटरी बॉइज’बद्दल (2020) मला थोडी धाकधूक होती. लॉस एंजेलिसमधलं लॅटिनो कुटुंब. बायका रोग बरे करतात, पुरुष अडकलेल्या आत्म्यांना मुक्त करतात. याड्रिएल हा ट्रान्स मुलगा. घरचे त्याला मुलगा मानत नाहीत, म्हणून पुरुषांचा विधी त्याला करू देत नाहीत. तो नात्यातल्या बहिणीला बरोबर घेऊन गुपचूप विधी करतो, आणि देवी त्याला स्वीकारते. देवीला अडचण नाही, घरच्यांना आहे. मृतांच्या सणाची तयारी, नैवेद्य, आजीची लगबग वाचताना आमच्या घरची सर्वपित्री अमावास्या डोळ्यांसमोर आली. शेवट फार गोड केलाय, ही माझी तक्रार.

आणि पॅट्रिक नेस यांचं ‘अ मॉन्स्टर कॉल्स’. या सगळ्यांत हे श्रेष्ठ, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कल्पना शिवॉन डाउड यांची. त्या 2007मध्ये स्तनांच्या कर्करोगाने 47व्या वर्षी गेल्या, आणि नेस यांनी त्या कल्पनेवर पुस्तक लिहिलं. 2012मध्ये त्याला कार्नेगी पदक मिळालं आणि जिम के यांच्या चित्रांना ग्रीनअवे. 13 वर्षांच्या कॉनरची आई कर्करोगाने आजारी आहे. रात्री 12 वाजून 7 मिनिटांनी मागच्या टेकडीवरचा यू वृक्ष राक्षस होऊन येतो, तीन गोष्टी सांगतो आणि चौथी कॉनरकडून मागतो. ती चौथी म्हणजे जे त्याने कुणाला, स्वतःलाही, सांगितलेलं नाही: हे सगळं एकदाचं संपावं असं त्याला वाटतं. आजारी माणसाची सेवा केलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं, आणि कुणी बोलत नाही. इथे जादू मुलाला सुटका देत नाही, त्याच्याकडून खरं बोलून घेते. ते बोलून झाल्यावर त्याला शिक्षा मात्र होत नाही. लीआला हाच राक्षस भेटायला हवा होता.

मग ‘ट्वायलाइट’ वाईट का? इतकं सगळं बोलून झाल्यावरही मला तसं म्हणता येत नाही. ‘ब्रेकिंग डॉन’चा मधला भाग जेकब सांगतो, आणि चारही पुस्तकांत तो सर्वांत जिवंत आहे. लीआचा राग, तिची लाज, बेलाच्या तोंडावर जाऊन तिने केलेलं भांडण, हे सगळं त्याच लेखिकेने लिहिलं आहे जिने तिला टाकलं. चांगलं वागणाऱ्या पुस्तकांत मला लीआसारखी मुलगी भेटली नाही. त्यामुळे ही पुस्तकं मुलींच्या हातातून काढून घ्यावीत असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी जाणार नाही.

आपल्याकडे रत्नाकर मतकरींनी मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिलं आणि मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा. मधल्या वयासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, धाडसी आणि हसरा, पण त्याच्या जगात भुतांना जागा नव्हती. आमचं चौदा-पंधरा वर्षांचं वय मोठ्यांच्या गूढकथा लपवून वाचण्यात गेलं. खरं तर आपला मुंजा स्वतःच त्या वयाचा आहे. मुंज झालेला, सोडमुंजीआधी गेलेला, पिंपळावर बसलेला मुलगा. त्याच्या बाजूने, त्याच वयाच्या वाचकासाठी लिहिलेली मराठी कादंबरी मला वाचायची आहे. लिहिणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

आणि घरात कुणी मुलगी ‘ट्वायलाइट’ वाचत असेल तर वाचू द्या. तिने चारही भाग संपवले की तिच्याजवळ बसा आणि लीआबद्दल विचारा. तिला लीआ आवडत नसेल, तर का आवडत नाही, हेही विचारा.