50 रुपयांचा वॉल्व्ह

गेल्या वर्षीची गोष्ट. गाडीचे चारही टायर बदलायला शनिवारी सकाळी दुकानात गेलो होतो. आधीच वीस-बावीस हजारांचा खड्डा पडणार म्हणून मूड जरा खराबच. त्यात तिथला पोऱ्या म्हणाला, "साहेब, वॉल्व्ह पण बदलू का? 50 रुपये एक."

झालं! आधी नायट्रोजन, मग कसलंसं पॉलिश, आणि आता वॉल्व्ह. मला वाटलं, सॉफ्टवेअरवाला बकरा सापडलाय यांना. "नको, आहेत ते चांगलेत," असं ठणकावून सांगितलं. 200 रुपये वाचवल्याच्या आनंदात येताना 150 ची मिसळ आणि कॉफी हाणली.

सहाएक महिन्यांनी डावीकडचं मागचं चाक कुरकुरायला लागलं. 32 पीएसआय हवा भरावी, तर आठवड्याभरात 26. पंक्चरवाल्याकडे दोनदा गेलो. "पंक्चर नाही साहेब," दोन्ही वेळा तेच उत्तर. मग काय, दर रविवारी हवा भरायची. ऑफिसात ज्याला आपण 'वर्कअराउंड' म्हणतो ना, तेच!

एका रविवारी ताईला आणि तिच्या सहा महिन्यांच्या पिल्लाला मुंबईला सोडायचं होतं. सामान भरत होतो, तेवढ्यात बाबा खाली आले. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. हवेचं रडगाणं ऐकल्यावर त्यांनी मगभर साबणाचं पाणी मागवलं. वॉल्व्हच्या बुडाशी ओतलं. काही नाही. मग बोटाने वॉल्व्ह हळूच वाकवला, आणि बुडबुडे!

"अरे, रबर आहे ते. त्यालाही वय असतं की नाही? टायर नवा घातलास आणि हा म्हातारा तसाच ठेवलास."

रिमच्या भोकातून आतून ओढून बसवलेला हा रबरी वॉल्व्ह वर्षानुवर्षं ऊन, ओझोन आणि ब्रेकची उष्णता खातो. चाक जोरात फिरताना तो बाहेरच्या बाजूला वाकतो, आणि बुडाशी गेलेली बारीक चीर तेव्हाच उघडते. म्हणजे गाडी उभी असताना सगळं आलबेल, आणि एक्सप्रेसवेवर हवा कमी! हवा कमी झाली की टायरच्या भिंती जास्त दुमडतात, तापतात, आणि शेवटी टायर फुटू शकतो. मागच्या सीटवर पिल्लू झोपलेलं असताना. नंतर हे सगळं डोक्यात जुळलं तेव्हा पोटात गोळा आला.

स्टेपनी लावली, दुकान गाठलं. नुसती आतली पिन बदलायची असती तर टायर काढावा लागत नाही. पण अख्खा वॉल्व्ह बदलायचा तर टायर रिमपासून सोडवायलाच लागतो. चारही चाकांची उघडझाक, बॅलन्सिंग पुन्हा तपासणं, सगळं धरून आठशे गेले. नवे टायर बसवताना हेच काम 200 मध्ये झालं असतं. सर्व्हर एकदा डाऊन केलाच आहे, तर छोटे पॅच तेव्हाच मारून घ्यावेत, हे मी टीममधल्या पोरांना रोज सांगतो. स्वतःच्या गाडीला मात्र... असो.

तर मंडळी, टायर बदलताना रबरी वॉल्व्हही बदला, स्टेपनीचाही विसरू नका. प्रेशर दाखवणारे सेन्सर वॉल्व्हला जोडलेले असतील तर अख्खा महागडा सेन्सर बदलायची गरज सहसा नसते. त्याचे रबरी सील, नट आणि पिन बदलून घ्या. आणि एखादाच टायर कापला गेला म्हणून बदलताय, वॉल्व्ह मागच्याच वर्षीचे आहेत, तर खुशाल "नको" म्हणा.

ताई त्या दिवशी दोन तास उशिरा पोचली. बाबा अजूनही गाडीत बसण्याआधी मागच्या चाकाशी वाकून बघतात. मी काही बोलत नाही.