दुखणे चेनीला, औषध गिअरला

वाचकहो, शहरातली हौशी मंडळी मातीत पळवायला म्हणून निराळी मोटारसायकल घेतात. उंच बांध्याची, जाड खवल्यांच्या टायरची. तिला 'डर्ट बाईक' म्हणतात. आमच्या सोनारीसारख्या गावात ती घेऊन काय करायचे? परंडा तालुक्यातल्या या काळ्या रानात साधी शंभर सीसीची गाडीच सगळी कामे करते. पहाटे दुधाच्या किटल्या, दुपारी खताचे पोते, चैत्रात काळभैरवनाथाच्या यात्रेला आलेले पाहुणे आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे आजारी माणूस, सारे तिच्याच पाठीवर. कारखान्याने ती डांबरी रस्त्यासाठी बनवली आणि आपण तिला चिखलात, ओढ्यात अन् नांगरटीच्या कडेने घातली. तेव्हा तिची दुखणीही मातीचीच असणार.

त्यातले घरोघर ऐकू येणारे दुखणे म्हणजे गिअरचे. "गिअर पडत नाही", "गिअर सुटतो", "गाडी रेस खाते पण ओढत नाही." असे काही झाले की चावडीपुढे बसलेली चार माणसे एका सुरात निकाल देतात, "गिअरबॉक्स गेला!" आणि घरधन्याच्या पोटात गोळा येतो. कारण गिअरबॉक्स म्हणजे इंजिन उतरवणे, ते खोलणे, आठ-आठ दिवस गाडी गॅरेजात आणि हातातल्या पिकाचा पैसा त्यात.

आपल्याकडे म्हण आहे, दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला. गिअरच्या बाबतीत हे नेहमी घडते. बैल लंगडला तर आपण त्याला बाजार दाखवत नाही. आधी खूर उचलून बघतो, काटा-खडा आहे का, नाल सैल झाली का. गाडीच्या बाबतीत मात्र आपण खूर न बघता थेट कापाकापीला कबूल होतो.

आमच्या शेजारच्या वहिनींचेच सांगतो. घरचा कर्ता माणूस गेल्यापासून दोन म्हशी आणि एक गाडी यांवर त्यांचा संसार चालतो. मुलगा गाडी चालवतो, वहिनी मागे किटल्या धरून बसतात. गाडी चढाला कटकट करू लागली, ओढेना झाली. तालुक्याच्या एका गॅरेजात सांगितले, गिअर गेले, इंजिन खोलावे लागेल. खर्चाचा आकडा ऐकून वहिनींनी दुभती शेळी विकायची ठरवली होती. मी म्हटले, "वहिनी, शेळी बाजारला न्यायच्या आधी मला एवढे सांगा, आवाज येतो तेव्हा गाडी नेमकी काय करत असते?"

त्या म्हणाल्या, "भाऊजी, ओझं असलं अन् चढ लागला की बुडाखालून कट्ट करतंय, अन् गाडी हिसका देतीया. उताराला काय बी न्हाई."

"एकाच गिअरात की सगळ्यांत?"

"सगळ्यांत. पण पहिल्यात लई."

वाचकहो, निम्मे निदान तिथेच झाले. चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्याकडे असते. मागे बसलेल्याला गाडीचे दुखणे जास्त नीट कळते. म्हणून गाडी बिघडली की घरातल्या बाईमाणसालाही विचारा. मी चेनीवरचे झाकण काढले. पुढच्या लहान स्पॉकेटचे दात झिजून मांजराच्या नखासारखे वाकडे झाले होते. ओझे आले की चेन दातावरून उडी मारत होती. चेन आणि दोन्ही स्पॉकेट असा सेट बदलला, इंजिनाचा एक बोल्टही सोडावा लागला नाही. शेळी दावणीलाच राहिली.

आता इंजिनाची ओढ चाकापर्यंत कशी पोचते ते थोडक्यात पाहू, म्हणजे पुढचे सोपे होईल. इंजिनापुढे क्लच, क्लचपुढे गिअर, गिअरपुढे लहान स्पॉकेट, मग चेन, मागचे मोठे स्पॉकेट आणि शेवटी चाक. नांगराला बैल ओढतो, पण जू, दोर आणि इसाड यांतले एक जरी सैल असले तरी फाळ जमिनीत चालत नाही. इथेही तसेच. या साखळीतले गिअर पेटीत बंद आणि तेलात बुडालेले असतात. चेन मात्र उघड्यावर चिखल खाते. मग आधी कोण झिजणार, तुम्हीच सांगा.

निदानासाठी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, आवाज उभ्या गाडीत येतो की फक्त चालत्या? गाडी उभी असताना रेस केल्यावर येत असेल तर दोष इंजिन किंवा क्लचच्या बाजूला. दुसरा, एकाच गिअरात होते की सगळ्यांत? एकाच गिअरात असेल तर खरोखर त्या गिअरवर संशय घ्या. सगळ्यांत असेल तर आधी क्लच आणि चेन बघा. तिसरा, मोकळ्या सपाट रस्त्यावर सावकाश चालत असताना क्लच दाबला आणि रेस सोडली, तरी आवाज चाकाच्या तालावर चालूच राहिला का? राहिला तर तो चेनीचा किंवा चाकाचा.

मग बाहेरून आत या क्रमाने तपासा. पहिला गिअरचा पायटा. गाडी एकदा पडली की तो वाकून इंजिनाला घासतो. कधी त्याच्या खाली काळ्या मातीचा गोळा वाळून दगडासारखा बसतो आणि पायटा पुरता खालीच जात नाही. कधी त्याचा बोल्ट सैल होऊन आतल्या खाचा झिजतात, पाय मारला तरी पायटा नुसता फिरतो. तिन्हींना 'गिअर पडत नाही' असेच म्हटले जाते.

दुसरी क्लचची वायर. क्लचच्या दांडीला टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. मोकळीक अजिबात नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो, प्लेटा घसरतात, इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरकत नाही, जळका वास येतो. मोकळीक फार झाली तर उलटे होते. क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर टाकताना करकर होते, दांडी दाबून धरली तरी गाडी पुढे ओढते आणि न्यूट्रल सापडत नाही. वायरीच्या टोकाच्या तारा तुटू लागल्या असतील तर ती रस्त्यात तुटायच्या आत बदला. वायर नीट असूनही गाडी घसरत असेल, तर प्लेटा झिजल्या असे समजा. तिघे बसून चिखलातून अर्धा क्लच दाबत गाडी हाकली की त्या लवकर जातात.

एक गोष्ट मात्र दोष समजू नका. उभ्या गाडीत कधी कधी गिअर पडत नाही. गिअरची चाके एकमेकांत कायम गुंतलेलीच असतात. पाय मारला की बाजूच्या खुंट्या समोरच्या खाचेत बसतात. खुंटी खाचेसमोर नसेल तर ती अडते. गाडी हाताने थोडी पुढेमागे हलवा, पडेल.

तिसरी चेन. गाडी उभी करून, इंजिन बंद करून चेन मधोमध वरखाली हलवून बघा. साधारण अडीच-तीन सेंटिमीटर ढील चालते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक फिरवून चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. मागच्या स्पॉकेटच्या पाठीमागून चेन ओढल्यावर ती दातावरून निम्मी सुटत असेल तर तिचे आयुष्य संपले. नुसती चेन बदलून जुने स्पॉकेट ठेवू नका, ते नव्या चेनीला लगेच खाते. चेनलॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला असावे. चिखलाच्या दिवसांत चेन रॉकेलच्या फडक्याने पुसून ९० नंबरचे गिअर ऑईल लावा. इंजिनातून काढलेले जुने तेल नको, त्यात बारीक कचरा असतो.

चौथे तेल. जुन्या राजदूत-येझदीसारख्या गाड्यांत पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल वेगळे आणि गिअरचे वेगळे असे. हल्लीच्या चार-स्ट्रोक मोटारसायकलीत इंजिन, क्लच आणि गिअर तिघेही एकाच तेलात असतात. म्हणून मोटारीचे उरलेले तेल यात ओतू नये. त्यात घसरण वाढवणारी द्रव्ये असू शकतात, मग ओल्या क्लचच्या प्लेटा पकड सोडतात. डब्यावर 'जासो एम.ए.' ही खूण बघून तेल घ्या. 'एम.बी.' खूण असलेले तेल क्लच तेलात नसलेल्या स्कूटरांसाठी असते.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला आणि परंडा-भूम भागात घरादारांत पाणी शिरले, तेव्हा किती गाड्या पाण्यात बुडाल्या हे आपण पाहिले. अशा गाडीला किक मारायची नाही. आधी प्लग काढायचा, तेल खाली सोडायचे. तेल दुधाच्या चहासारखे निघाले तर पाणी आत गेले. नवे तेल घालून थोडा वेळ चालवून ते पुन्हा बदलावे लागते, नाहीतर बेअरिंगांना गंज धरतो आणि मग खरोखर पेटी खोलायची पाळी येते.

तेल नेहमी पांढऱ्या भांड्यात सोडा आणि त्यात जुन्या रेडिओच्या भोंग्यातले लोहचुंबक फिरवा. राखेसारखी बारीक करडी पूड लागली तर घाबरू नका, ती रोजची झीज आहे. पण लोखंडाचे कण बोटाला टोचले, एखादा दाताचा तुकडा मिळाला, तर गाडी तिथेच थांबवा. ते तेल विहिरीच्या काठी की रानात ओतू नका.

कारण गिअरबॉक्स खरेच जातो, हेही खरे. आमच्या एका पाहुण्यांच्या गाडीत ओझ्यावर फक्त तिसरा गिअर सुटून न्यूट्रल होई. पायटा ठीक, वायर ठीक, चेन ठीक आणि तेलात लोखंडाचे कण. तिथे मी स्वतः म्हटले, आजच खोला. आतला फोर्क वाकला होता, खुंट्यांचे कोपरे गोल झाले होते. गाडी चालवताना पाय सतत पायट्यावर ठेवला किंवा क्लच न दाबता गिअर टाकले की असे होते. आणखी महिनाभर ओढली असती तर खर्च वाढलाच असता, शिवाय भर उतारात गिअर सुटला असता तो धोका वेगळा.

जाता जाता एक कळकळीची गोष्ट. इंजिन चालू ठेवून, चाक फिरते असताना चेन पुसू नका. स्पॉकेट आणि चेनीच्या मध्ये बोट सापडले तर ते परत मिळत नाही. आणि चिखल अडकतो म्हणून चेनीचे झाकण आणि साडीगार्ड काढून टाकू नका. मागे आपली आई-बहीण पदर सावरून बसलेली असते. चिखल साफ करायला पाव तास लागतो, तेवढा वेळ द्यावा.

मेकॅनिक आपला वैरी नव्हे. चांगला मेकॅनिक मिळाला तर त्याला धरून राहा. पण त्याच्याकडे जाताना "गिअर गेलाय" असे सांगू नका. कधी होते, कोणत्या गिअरात होते, ओझ्यावर की मोकळ्यात, क्लच दाबल्यावर काय होते आणि आपण काय काय बघितले, एवढे सांगा. डॉक्टरकडे गेल्यावर आपण पोट दुखते की छाती ते सांगतो, ऑपरेशन कोणते करायचे ते सांगत नाही. ज्याला नीट सांगता येते त्याचा पैसा वाचतो, आणि ज्याला ऐकायचा कंटाळा येतो त्या गॅरेजातून गाडी ढकलत बाहेर आणलेली बरी.