कोपराच्या मापाचं टेबल

फर्निचरच्या दुकानातल्या कुठल्याही कॉम्प्युटर टेबलाला टेप लावा. उंची २९ ते ३० इंच भरेल आणि समोरून मागेपर्यंतची रुंदी बहुतेक वेळा २४. उंचीला निदान काही कारण आहे. हातानं लिहायचं तर कागद डोळ्यांजवळ लागतो, त्यामुळे टेबल जरा वरच असलेलं बरं. २४ इंचांत मात्र मला शीटचा हिशेब दिसतो. प्लायवुडची शीट ८ बाय ४ फुटांची येते. ती मधोमध उभी कापली की दोन फुटी दोन पट्ट्या मिळतात आणि तुकडा वाया जात नाही. बसणारा माणूस या हिशेबात कुठेच नाही.

आमच्या वहिनी घरून अक्षरजुळणी करतात. दिवसभर श्रीलिपीत टंकन, डाव्या हाताला लेखकाचं हस्तलिखित, तेही बऱ्याचदा पाठकोऱ्या कागदांवर. त्यांची उंची जेमतेम पाच फूट आणि टेबल दादाचं जुनं, ३० इंची. खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळायचे, खाली घेतली की खांदे वर चढायचे. "भाऊजी, जेवायचा पाट पायाखाली घेऊन बसते मी. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?" असं त्या एकदा म्हणाल्या. खरं तर पाटाचा उपाय चांगलाच आहे. एकच टेबल दोघांनी वापरायचं असेल, तर उंच माणसाचं माप धरावं आणि बुटक्याच्या पायाखाली पाट द्यावा. पण मी करायला घेतलेलं नवं टेबल एकट्या वहिनींचं होणार होतं.

त्यांना खुर्चीत नीट बसवलं. पावलं जमिनीला टेकलेली, खांदे सैल, हात कोपरात काटकोनात. जमिनीपासून कोपर साडेचोवीस इंच. तीच टेबलाची उंची. दादा म्हणाला, "बालवाडीचं टेबल करतोयस का रे?" त्याचं चुकत नव्हतं, नुसतं बघताना ते ठेंगणंच वाटतं. आमच्या गावचे सुतारकाका नांगराचं रुमणं बसवताना धरणाऱ्या माणसाला शेजारी उभं करायचे. त्यांच्याकडे टेप नव्हता असं नाही, पण माप घेण्याआधी ते त्या माणसाकडे बघायचे.

उंची ठरली आणि खरी अडचण सुरू झाली. वहिनींची मांडी जमिनीपासून वीस इंचांवर येते. एक इंचाची वरची फळी वजा केली तर मधे साडेतीन इंच उरतात. नेहमीच्या टेबलाला फळीखाली समोरून चार इंचांची पट्टी असते, ती इथे सरळ मांडीवर आली असती. पट्टी काढून टाकावी तर पाच फुटांच्या फळीला मधे झोळ पडण्याची भीती. इथे एक नियम पक्का लक्षात ठेवावा लागतो. वजन तेवढंच ठेवून दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर झोळ आठपट होतो. उलट पट्टीची उभी उंची दुप्पट केली, तर तो आठवा हिस्सा राहतो. म्हणून पट्टी आडवी घालण्यात अर्थ नाही, थोडी का होईना ती उभीच हवी. शेवटी दोन इंच उंच आणि सव्वा इंच जाड पट्टी समोरच्या कडेपासून पाच इंच आत घेतली. मागची पट्टीही चार इंच आत, कारण स्क्रीनचा क्लॅम्प मागच्या कडेला चावतो आणि त्याला खालून मोकळी जागा लागते. मधला खण मी ठाम नाकारला. कीबोर्डखालचा खण हा मांडीचा शत्रू.

लाकडाची चौकशी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटपासून केली, घेतलं मात्र पाडलेल्या वाड्याच्या तुळईचं सागवान. त्यावर आधी लोहचुंबक फिरवायचं. आत मोडलेला एखादा खिळा असतोच, आणि तो रंध्याच्या पात्यालाच सापडतो. एरवीही सागवानात सिलिका असते, पातं लवकर बोथट होतं. कडेचं पांढरट लाकूड पोखरलं जातं म्हणून ते कापून टाकलं. जुनं लाकूड मुरलेलं असतं, ते आता हलत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. मे महिन्यातल्या कोरड्या पुण्यातून ते जुलैच्या दमट हवेत गेलं, की रुंदीत फुगतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. २८ इंचांच्या रुंदीला सूत-दीड सूत, आणि आठ सुतांचा एक इंच. ही जागा दिली नाही, स्क्रू घट्ट आवळून टाकले, तर उन्हाळ्यात फळी आकसताना स्वतःला फाडते. म्हणून चौकटीत स्क्रूसाठी गोल भोकांऐवजी लांबट भोकं पाडली आणि फळीला सरकायला वाव ठेवला. पाय आणि पट्ट्यांचे सांधे मात्र कुसू आणि खाचेचे, तिथे हालचाल नको. सागवान तेलकट, म्हणून फेविकॉल लावण्याआधी सांध्यावरून थिनरचं फडकं फिरवलं.

रुंदी २८ का, तर स्क्रीन हातभर लांब राहून समोर मनगटं टेकायला जागा हवी. समोरची कडही पॉलिश पेपरनं चांगली गोल केली. काटकोनी कड दिसायला रेखीव असते, पण दिवसभर मनगटाखाली रुतते. लाखेच्या पॉलिशचा मोह आवरला. त्याची चमक मला आवडते, पण गरम चहाच्या कपाचा पांढरा डाग त्यावर लगेच बसतो, आणि वहिनींचा चहा कीबोर्डशेजारीच असतो. त्यापेक्षा जवसाचं तेल बरं. फक्त तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. पसरून दोरीवर वाळवावीत.

हस्तलिखितासाठी डावीकडे एक उतरती फळी बसवली आहे, पेढीवरच्या मुनिमांच्या डेस्कासारखी. तिच्या खालच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी आहे, पानं घसरू नयेत म्हणून. वहिनींनी ती वापरून पाहिली आणि पट्टी पाऊण इंचाची करायला सांगितली. त्यांच्या एका लेखकाचं हस्तलिखित नऊशे पानांचं आहे.