ग्रॅमभर प्लास्टिक कुठे ठेवायचं?

रॉकेट जितकं छोटं, तितके त्याचे भाग बनवणं अवघड. हे मला प्रिंटरसमोर बसल्यावरच उमगलं. डेन्व्हरला आल्यावर लेक शाळेच्या मॉडेल रॉकेटच्या छंदवर्गाला जाऊ लागली. खोक्यातलं तयार रॉकेट जोडायचं नाही, शेपटाचे पंख, म्हणजे फिन्स, आपण काढलेल्या आकाराच्याच हव्यात, असा तिचा आग्रह. इथल्या वाचनालयात थ्रीडी प्रिंटर वापरायला मिळतो. बोटभर भाग, त्यांना वेळ तो किती लागणार, असं मनात धरून मी तिच्याबरोबर गेले.

आमची कागदी नळी बाहेरून जेमतेम 14 मिलिमीटरची. तिच्यात 13 मिलिमीटर व्यासाची, साडेचार सेंटिमीटर लांब मोटर बसते. मोटरवर ‘ए3-4टी’ असं छापलेलं असतं आणि पहिल्यांदा वाचताना त्यातून काहीच बोध होत नाही. ‘ए’ म्हणजे एकूण जोर, जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद. 3 म्हणजे सरासरी तीन न्यूटनचा रेटा. 4 म्हणजे इंधन संपल्यावर चार सेकंदांनी होणारा छोटा स्फोट. तो नाकाचा शंकू बाहेर ढकलतो आणि रॉकेट हळू उतरवणारी पट्टी उलगडते. शेवटचा ‘टी’ छोट्या आकाराचा.

आम्हाला नळीच्या शेपटावर सरकवायची एक कडी आणि तिला जोडलेल्या तीन फिन्स, असा अखंड तुकडा हवा होता. त्याला फिन-कॅन म्हणतात. संगणकावर कडीचं भोक 14 मिलिमीटरचं काढलं, छापून आलं ते नळीवर चढेना. कॅलिपर लावला तर भोक खरंच लहान. वितळलेलं प्लास्टिक वळणावर आतल्या बाजूला ओढलं जातं, रेघ दाबली की ती थोडी पसरते, शिवाय फाइलमधलं वर्तुळ हे मुळात लहान-लहान सरळ रेघांचं असतं. मग नुसत्या पातळ कड्या छापायच्या, प्रत्येक कडी आधीच्यापेक्षा मिलिमीटरच्या दहाव्या भागाने मोठी, आणि हाताला जी योग्य वाटेल तिचं माप फाइलमध्ये घालायचं. संगणकाने एवढं अचूक काढलेलं माप शेवटी बोटांनी ठरवायचं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

खरी अडचण पुढे होती. प्रिंटरच्या नोझलचं तोंड 0.4 मिलिमीटरचं. रॉकेट निम्मं करा, पाव करा, ते तोंड तेवढंच राहतं. फिन निम्म्या जाडीची करायची म्हटली तर दोन रेघांची भिंत उरते. त्याहून बारीक केली तर एकच रेघ, बोट लागताच वाकणारी. म्हणजे आकार घटला तरी प्लास्टिक त्या प्रमाणात घटत नाही. आणि छपाईचं पीएलए हे प्लास्टिक बाल्साच्या लाकडापेक्षा कितीतरी जड, साधारण सात-आठ पट. हा छंद 1954 मध्ये नेब्रास्कातल्या नॉरफोकचे चप्पल-बुटांचे दुकानदार ऑरव्हिल कार्लाइल यांच्या मॉडेलपासून वाढला, तो कागद आणि बाल्सा यांच्या जोरावर. ते हलकेपण किती मोलाचं होतं, हे प्लास्टिक हातात घेतल्यावर समजतं.

दिवाळीत काडी मोडलेला बाण कुठेही घुसतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. इथे काडीचं काम फिन्स करतात. उडताना रॉकेट आपल्या गुरुत्वमध्याभोवती वळतं; हवेच्या दाबाचा मध्य त्याच्या मागे असला, तर वाकडं झालेलं नाक हवाच पुन्हा सरळ करते. दोन्हींमधलं अंतर निदान नळीच्या व्यासाएवढं हवं, असा छंदातला रिवाज. दाबाचा मध्य हाताने काढता येईल अशी समीकरणं जेम्स आणि ज्युडिथ बॅरोमन यांनी 1966 मध्ये मांडली. हेलसिंकीच्या सॅम्पो निस्कानेन यांनी विद्यार्थी असताना लिहिलेलं ‘ओपनरॉकेट’ तेच गणित क्षणात करतं, आणि तेही फुकट.

आमचं अंतर 14 मिलिमीटर असायला हवं होतं. आता हिशेब बघा. मोटरसकट 20 ग्रॅमचं रॉकेट. गुरुत्वमध्यापासून 10 सेंटिमीटर मागे, फिन-कॅनमध्ये, फक्त तीन ग्रॅम वाढले, तर गुरुत्वमध्य 13 मिलिमीटर मागे सरकतो. तीन ग्रॅम प्लास्टिकने जवळजवळ सगळी राखीव जागा खाल्ली! हे आकडे पडद्यावर पाहून मी गोंधळूनच गेले, कारण आतापर्यंत सगळे एकच सांगत होते, हलकं करा, हलकं करा. आणि वर्गाच्या शिक्षकांनी फाइल पाहून सांगितलं, नाकाचा शंकू भरीव छापा.

“आई, वजन वाईट नाही गं. मागचं वजन वाईट,” लेकीने समजावलं.

मग दोन्ही टोकांना उलटी कामं झाली. फिन्स बारीक आणि लहान, शंकू जवळजवळ भरीव. कॅन शेपटाच्या बाजूने खाली टेकवून उभा छापला. त्यामुळे फिन्सचा मागचा काठ सपाट पट्टावर बसतो, वरचा काठ आत झुकत जातो आणि कुठेही आधार छापावा लागत नाही. मोटरसकट रॉकेट बोटावर तोलून धरलं, तोल साधला त्या जागी दोरा बांधला आणि लेकीने ते डोक्याभोवती गरगर फिरवलं. नाक पुढेच राहिलं. मी श्वास सोडला.

मैदानावर वारा कमी होता. पाच सेकंदांची उलटी मोजणी झाली आणि रॉकेट सरळ वर गेलं, इतकं वर की मान दुखेपर्यंत पाहत राहिलो. उतरलं मात्र वाळून टणक झालेल्या मातीवर, शेपटावर, आणि एका फिनचं टोक थरांच्या रेघेवरच तुटलं. दोन थरांमधला सांधा हाच छापलेल्या वस्तूचा सगळ्यांत कच्चा भाग.

आता कॅन नळीवर पाच मिलिमीटर वर सरकवायचा बेत आहे, म्हणजे जमिनीला आधी नळी टेकेल. पण फिन्स पुढे आल्या की दाबाचा मध्यही पुढे येतो, म्हणून ते अंतर पुन्हा मोजायचं आहे. लेक म्हणते, कमी पडलं तर शंकूत एक ग्रॅम वाढवू.