दिवे लावायचे कधी?

जळगावचे पंचेचाळीस अंशांचे ऊन मागे टाकून आम्ही उभयता, धुळ्याचे वकीलसाहेब व वहिनींसह, जूनच्या आरंभी नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला पोहोचलो. आर्क्टिक वृत्ताच्याही वर! तिथे २० मेच्या सुमारास वर आलेला सूर्य जुलैच्या २२ पर्यंत मावळतच नाही. रात्री बाराला लख्ख ऊन, अन् अंगात स्वेटर!

सौ. मात्र अस्वस्थ. घरी शेजाऱ्यांच्या भरवशावर ८६ वर्षांची आई.

"अहो, इथे दिवे लावायचे कधी?"

"आजवर लावले तेवढे पुरेत!" वकीलसाहेब म्हणाले.

वहिनींनी तोड काढली, "जळगावला लागतील तेव्हा." म्हणजे दुपारी साडेतीनला!

रोज त्या वेळी सौ. हात जोडी अन् फोन लावी. चौथ्या दिवशी फोन लागेना. दोन तास आमच्या तोंडचे पाणी पळाले. मग आईचाच आवाज, "वादळानं वीज गेलीय रे. समई लावून बसलेय. तिकडं ऊन आहे ना? डोक्याला रुमाल बांध."