कावेरीकाठची मराठी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दोन राजवटींनी आपापले शब्द दगडावर कोरून ठेवले आहेत. इ. स. १०१० मध्ये पूर्णत्वास गेलेल्या या मंदिरावरील राजराज चोळाचे तमिळ लेख दानांचा चोख हिशेब देतात: कोणत्या दिव्यासाठी कोणाकडून तूप यावयाचे, देवसेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तिकांपैकी कोणी कोणत्या घरात राहावयाचे. त्याच मंदिराच्या प्राकारभिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. चोळांचा लेख चालत्या राज्याचे दप्तर आहे. मराठी लेख कोरला जाण्यापूर्वी चारच वर्षे, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला होता आणि राजांकडे तंजावरचा किल्ला व त्याच्या आसपासचा मुलूख तेवढा उरला होता. ज्या राजाला राज्य चालवावयाचे नव्हते, त्याने वंशाची कथा सांगण्यासाठी तमिळ प्रदेशातील एका भव्य देवालयाची भिंत निवडली, आणि ती कथा आजूबाजूच्या बहुसंख्य लोकांना न कळणाऱ्या भाषेत लिहविली. तंजावरच्या मराठीचे सारे वैभव आणि सारे एकाकीपण या एका कृतीत एकवटले आहे.

या मराठीची सुरुवात विजापूरच्या एका स्वारीतून झाली. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकांनी तंजावरच्या नायकांचे राज्य बुडविले. त्या घराण्याच्या वारसाला गादीवर बसविण्यासाठी विजापूरकरांनी शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांना पाठविले. त्यांनी पुढे राज्य आपल्याच हाती घेतले. मराठी तेथे पोचली तेव्हा जागा रिकामी नव्हती. दरबारी काव्य तेलुगूत होते, शास्त्रचर्चा संस्कृतात होती, आणि शेतापासून देवळापर्यंतचे जगणे तमिळमध्ये चालले होते. राज्यकर्त्यांची भाषा म्हणून मराठी आली खरी, परंतु तिला चौथ्या पाटावर बसावे लागले.

व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी हे स्थान ओळखले. १६९३ मध्ये त्यांनी तिरुविशनल्लूर हे गाव शेहेचाळीस पंडितांना अग्रहार म्हणून दिले. त्यांनी स्वतः तेलुगूत विपुल लिहिले, पाच भाषांचे एक नाटक रचले आणि मराठी नाटकेही लिहिली. त्यांच्या ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ या नाटकाचा शोध लागल्यापासून आपल्या वाङ्मयेतिहासात एक वाद रेंगाळत राहिला आहे: मराठीतील पहिले नाटक हे, की १८४३ साली सांगलीत झालेले विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’? अग्रमान कोणाला द्यावा, एवढ्यापुरताच हा प्रश्न उरल्याने त्यामागची अधिक महत्त्वाची गोष्ट नजरेआड झाली. शहाजीराजांसमोर नमुना होता तो दक्षिणेतील यक्षगानाचा. भाव्यांना नाटक रचण्याची आज्ञा झाली तीही सांगलीच्या दरबाराने कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिल्यावर. म्हणजे दीडशे वर्षांच्या अंतराने, एकमेकींची वार्ताही नसताना, मराठी रंगभूमी दोनदा जन्मली, आणि दोन्ही वेळा दाक्षिणात्य शेजाऱ्याच्या अंगणात पाहिलेल्या खेळातून जन्मली. पहिला जन्म राजवाड्याच्या पोथ्यांत राहिला, दुसऱ्याला गावोगावचा प्रेक्षक मिळाला. श्रेष्ठत्व ठरविण्यापेक्षा हे साम्य समजून घेणे मराठीच्या अभ्यासाला अधिक उपकारक आहे.

सरफोजीराजांच्या काळात (१७९८ ते १८३२) ही देवघेव आणखी दूरवर गेली. श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने युरोपीय ग्रंथ जमविले, काशीयात्रेतून संस्कृत पोथ्या आणल्या, नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रांसह टिपणे ठेवविली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्यांच्या छापखान्यातून ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने इसापनीती मराठीत निघाली. त्यांचे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे नाटक तर या शहराबाहेर लिहिले जाणे कठीणच होते. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यातील भविष्य सांगणारी कुरवंजी स्त्री नायिकेच्या प्रियकराची वार्ता आणते. सरफोजींच्या नाटकात ती पृथ्वीचा भूगोल सांगते. रूप तमिळ, ज्ञान युरोपातून आलेले, आणि बोल मराठी. ज्या भाषेला आपले बहुसंख्यत्व गृहीत धरता येत नाही, तिला असे मोकळेपण लाभते, हे येथे दिसते.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने उरलेसुरले संस्थान व राजवाड्याची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे राज्यकर्त्या सत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयाच्या कक्षेत येत नाही असे ठरविले. मालमत्ता १८६२ मध्ये परत मिळाली. दरबार मात्र संपला होता. दरबाराच्या आधाराने आलेली कुटुंबे तेथेच राहिली. घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ अशी त्यांची राहणी झाली. कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव (१८२८ ते १८९१) याच समाजातले. त्रावणकोर व इंदूरनंतर त्यांनी बडोद्याची दिवाणगिरी केली आणि कावेरीकाठची मराठी एका मराठी संस्थानात परत आली.

तथापि भाषेचा खरा प्रवास दिवाणखान्यापेक्षा कीर्तनात झाला. रामदासी मठांनी तंजावरात भजनकीर्तन रुजविले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतर (१८४७ ते १९०३) यांनी मराठी कीर्तनाचा घाट कर्नाटक संगीताशी जोडून हरिकथेला रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावे तेव्हापासून तमिळ कथेकऱ्यांच्या बोलण्यात आहेत. श्रोत्यांना त्यांचे मूळ ठाऊक असण्याची गरज उरली नाही.

सरस्वती महालातील मराठी पोथ्या आणि मोडी कागदांचे गठ्ठे यांची स्थिती याहून वेगळी आहे. ज्या घरांत ही बोली टिकली, तेथे मोडी वाचणारे क्वचित. महाराष्ट्रात मोडी शिकणाऱ्यांपैकी तंजावरपर्यंत जाणारे थोडे. १९८१ साली स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने या मोडी कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले. त्यामुळे तंजावरच्या मराठी दरबाराचा दैनंदिन कारभार आज मराठी विद्यार्थ्याला तमिळमधून वाचावा लागण्याचा प्रसंग येतो. यात तमिळ विद्वानांचे ऋण आहे आणि मराठी विद्वत्तेला उद्देशून एक प्रश्नही आहे. तंजावरला मराठीची दूरची शाखा मानून तिची शिरगणती करणे सोपे असते. तिथली नाटके, पदे आणि कागद नीट वाचावयाचे, तर मराठीच्या अभ्यासकाने मोडीबरोबर तमिळ व तेलुगूही शिकावयास हवी. शहाजीराजांनी तीनशे वर्षांपूर्वी नेमके तेच केले होते.